मॉडेम किंचाळायला लागलं की

परवा दुपारी आमच्या टॉवरमधलं नेट गेलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर असा काही हाहाकार उडाला की विचारू नका. कुणाची मीटिंग अर्ध्यावर तुटली, कुणाच्या मुलाचा क्लास बुडाला, एक तर तावातावाने लिहीत होता की आम्ही काय खेडेगावात राहतो का? मी खुर्चीत बसून वाचत होते आणि मनात म्हणत होते, मेल्यांनो, नेट जाणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? आमच्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. ते यायलाच तयार नसायचं. मग मला त्या मॉडेमचं किंचाळणं आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ आई आठवली, इतकी की उठून स्वयंपाकघरात गेले आणि तहान नसताना पाणी प्यायले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण काही दुपारी ती नसल्याचं नव्याने कळतं.

हा टॉवर उभा आहे त्याच जागेवर लालबागची आमची चाळ होती. मिल बंद पडल्यावर बाबा गावी मालवणकडे निघून गेले, आंब्याच्या कलमांची राखण करत तिथेच राहिले, आणि खोलीत उरलो आई, दादा आणि मी. आमच्या मजल्यावर फोन एकच, आमचा. त्याचा एक पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, काकूच्या खोलीत. काकू म्हणजे आईची जाऊ, गॅलरीच्या त्या टोकाला राहायची. आमच्या खिडकीतून निघालेली काळी वायर सगळ्यांच्या दारांवरून खिळे मारत मारत काकूपर्यंत नेलेली होती. त्या वायरीवर कोण टॉवेल वाळत घालायचं, कोण पोरांचे सॉक्स. आम्ही भांडायचो, लोक तेवढ्यापुरतं काढायचे. चाळीत वायर दिसली की तिच्यावर काहीतरी वाळत घातलंच पाहिजे असा नियमच असावा.

दादा माझ्याहून मोठा आणि भलताच अबोल. घरात असला तरी आहे की नाही ते बघायला वळून पाहावं लागायचं. पण मशीन समोर आलं की त्याच्या तोंडाला कुलूप राहायचं नाही. लॅमिंग्टन रोडला खेटे घालून, एकेक पार्ट आणून त्याने घरातच कम्प्युटर जोडला आणि त्यावर कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. मी तेव्हा गिरगावात एका छापखान्यात मजकूर जुळवायचं काम करायचे, मला विंडोज येत होतं. मी म्हटलं, "अरे, सगळं जग वापरतं ते घाल की!" तर म्हणाला, "हे आपलं आपण उघडून बघता येतं." झालं. एवढ्यावर विषय संपला. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या, मुंडावळ्यांचा डबा आणि त्यांच्या शेजारी पडद्यावर लिनक्सचा तो पेंग्विन. आई त्याला बदक म्हणायची.

मग दादाला मेलबर्नला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण आई त्याला चूलच म्हणायची, तिथे पाठमोरी बसून रडत होती. दादाला समजूत घालता येत नाही. तो तिच्या मागे उभा राहून म्हणाला, "आई, रडू नको. हा कम्प्युटर आहे ना, तो इथून फोन लावेल आणि मग आपण पाहिजे तेवढं बोलू. फुकट." त्याला म्हणायचं होतं ते नेटवरून माइक लावून बोलण्याचं. त्याने बाहेरचं मॉडेम घेऊन ठेवलं होतं, कारण आतलं मॉडेम त्याच्या बदकाला ओळखता येत नव्हतं. सगळी जोडाजोड करायला वेळ मात्र उरला नाही. ती माझ्या गळ्यात पडली.

तो रविवारी दुपारी फोन करायचा. आम्ही माशाचं जेवण उरकून बसलेल्या, खालच्या गल्लीत मिरच्या कांडल्या जात असल्या तर शिंकत बसलेल्या. फोन वाजला की आई पदर सावरून धावायची आणि रिसीव्हर कानाला लावला की गोठून जायची. "जेवलंस काय रे? बरो आसस मां?" एवढं म्हणून झालं की तिच्याकडे शब्दच उरायचे नाहीत. तिकडून दादा, "हो. तू बरी ना?" की याच्याकडेही नाहीत. मग दोघं श्वास ऐकत बसणार. मला ते बघवायचं नाही. शेवटी आई फोन माझ्याकडे देऊन टाकायची. बाहेरगावचा फोन धरून बसायचा नाही, ही तिची शिस्त. पण माझ्याकडे देऊन ती तशीच बाजूला उभी राहायची, रिसीव्हरमधून बाहेर सांडेल तेवढा त्याचा आवाज ऐकत. म्हणून मला ते नेट हवं होतं. दुसरं काही नाही. मेल काय, मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊनही बघू शकत होते. पण आईला आरामात, फोनची धास्ती न बाळगता, तिच्या मुलाचा आवाज ऐकायला मिळावा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि गंमत बघा. "नेट लागत नाहीये" म्हटलं की तो अबोल माणूस धबधब्यासारखा सुरू व्हायचा. "काळी खिडकी उघड. रूट हो, म्हणजे मशीनची मालकीण. पासवर्ड टाक. आता पोर्ट कुठला लिहिलाय ते वाच. शेवटी शून्य आहे की एक? एक? अगं, शून्य कर, शून्य!" मी एका खांद्यात रिसीव्हर धरून टाइप करायचे, मान अवघडून जायची. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे लाइन एकच. दादाचा आवाज हवा तर मॉडेम गप्प, मॉडेम चालवायचं तर दादाला ठेवायला लावायचं. तो म्हणायचा, "ठेवतो. डायल करून बघ. मी थोड्या वेळाने लावतो." मी डायल करायचे. मॉडेम आधी नंबर फिरवायचं, मग बाहेरच्या मांजरांची भांडणं लागावीत तसं किंचाळायचं, मग खरखर, दिवे भराभर लुकलुकायचे, माझा जीव टांगणीला. जोडलं, जोडलं असं वाटेपर्यंत पडद्यावर ओळ यायची की लाइन तुटली. संपलं. मग दादाचा परत फोन. "काय झालं?" "तुटलं." "असं कसं तुटलं?" "आता ते मी सांगू?"

कित्येक रविवार हेच. आम्ही काय काय केलं नाही! एक्स्चेंज जुनं असेल म्हणून नंबर फिरवायची पद्धत टोनऐवजी पल्स करून पाहिली. वेग कमी केला. आणखी कमी केला. मॉडेमच्या मागची वायर बदलली, फोनचा डबा उघडून स्क्रू आवळले. लॉग नावाची एक फाइल असते, त्यात कम्प्युटर आपली सगळी कर्मकहाणी लिहून ठेवतो. ती मी दादाला वाचून दाखवायचे, रोज देवापुढे पोथी वाचावी तशी. त्यात दर वेळी शेवटी तेच, समोरून लाइन सुटली. आठवड्याच्या मधल्या दिवशीही छापखान्यातून आले की चहा व्हायच्या आधी एकदा लावून बघायचे. किंचाळणं सुरू झालं की आई पदराला हात पुसत बाहेर गॅलरीत जायची. मला वाटायचं, बिचारीचं डोकं उठत असेल त्या आवाजाने, पण तोंडाने कधी बोलली नाही. मी उलट तिला म्हणायचे, "जा जा, मोकळ्या हवेत बस जरा."

शेवटी एका रविवारी दादाने हात टेकले. "सगळं सेटिंग बरोबर आहे," तो म्हणाला. "मशीनमध्ये दोष नाही. वायरमध्येच आहे. कुठेतरी कट गेलाय, किंवा उंदराने कुरतडलीय. असं कर, मी ठेवतो. डायल कर आणि खुर्चीवर बसून राहू नकोस. वायर डोळ्यांनी बघत बघत काकूपर्यंत जा. कुठे हलली की तुटते ते कळेल."

मी डायल केलं. आई नेहमीसारखी उठून गेली. मॉडेम किंचाळायला लागलं तशी मीही वायरीवर नजर ठेवून गॅलरीत निघाले. शेजारच्यांची साडी उचलली, खाली वायर ठीक. पुढच्या दारावर खिळा निसटला होता, पण वायर शाबूत. कुणाचा तरी बनियन ओरबाडून काढला आणि कठड्यावर टाकला. दुपारची वेळ, दारं उघडी, आत सगळे आडवे झालेले. अशी मी काकूच्या दारापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले.

आत भिंतीला टेकून आई उभी होती. काकूकडच्या फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. काकू जमिनीवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती, क्रिकेटचा शेवटचा चेंडू चालला असावा तशी.

"आई! अगं, काय करतेस तू?"

तिने डोळे न उघडता मला हाताने गप्प केलं. "गप रव गो. इतक्यात येतलो."

"कोण येणार आहे?"

"कोण म्हणजे? तुझो दादा. आधी ह्या किंचाळता. मगे खरखर येता. आता तो बोलतलो, बोलतलो, असा म्हणेपर्यंत बंद पडता. दर खेपेक असाच. माजा नशीबच असला."

काकू म्हणाली, "मीय आयकलंय मदी मदी. खूप लांबसून येता ना, म्हणान वेळ लागता."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस मी पल्स काय केलं, वेग काय कमी केला, स्क्रू काय आवळले, आणि इकडे मॉडेमने लाइन धरली की या दोघी पॅरलल उचलणार! तुटणारच ना! माझं डोकं असं फिरलं की दारातच उभं राहून तोंड सोडलं. "तुला कुणी सांगितलं हा धंदा करायला? विचारायचं तरी एकदा! माझे रविवारच्या रविवार गेले यात!" आईने रिसीव्हर सावकाश खाली ठेवला आणि तिला खरंच समजेना की मी एवढी का ओरडतेय. ती म्हणाली, "अगो, तोच सांगान गेलो मां, कम्प्युटर फोन लावतलो म्हणान."

सांगून गेला होता खरा. आणि ती दर वेळी, किंचाळणं सुरू झालं रे झालं की हातातलं काम टाकून, अख्खी गॅलरी ओलांडून, त्या खरखरीत मुलाचा आवाज शोधायला जात होती. आमच्या खोलीतला फोन तिने का नाही उचलला? तिथे मी होते. माझ्यादेखत तिला लाज वाटायची.

मी खाली बसले आणि तिला समजावलं. म्हटलं, आई, तो आवाज दादाचा नव्हे, तिथे दादा नसतोच. आपलं मशीन इथल्याच दुसऱ्या मशीनशी बोलतं. ते दोघं बोलत असताना आपण मध्ये कान घालायचा नाही, त्यांचं बिनसतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मगे त्या मशिनीक सांग मां, माज्या झिलाकडे फोन दी म्हणान."



दादाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, खूप हसला. मग "मीच सांगितलं होतं तिला," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

त्या दिवसापासून आईने पॅरललला हात लावला नाही, आणि नेट काय धावायला लागलं म्हणता! किंचाळलं, खरखरलं, जोडलं, पान उघडलं. मी खुर्चीत उडालेच. पण आवाजाचं घोडं अडलं ते अडलंच. साउंड कार्डचं आणि बदकाचं काही केल्या जुळेना. माइकमध्ये मी बोंबलायचे आणि तिकडे दादा मेल करायचा की काही ऐकू येत नाही. आठवडे गेले. मग तोही कंटाळला, कामात बुडाला. आता मेल आहेच की, असं त्याने ठरवून टाकलं. रविवारचा फोन पंधरवड्यावर गेला, मग सणावारावर. यायचा तोही कसा? "मेल टाकलाय, वाच. आई बरी ना? ठेवतो." बिघाड नाही तर त्याने बोलायचं काय?

मी मेल वाचून दाखवायचे. आई बिछान्याच्या कडेला बसून ऐकायची. इथे थंडी पडली आहे. ऑफिस बदललं. भात स्वतः करतो. एकदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ह्या तू वाचलंस. तेचा आवाज खंय?" आणि तांदूळ निवडायला घेतले. मॉडेम किंचाळायला लागलं तरी ती आता उठायची नाही. खाली मान घालून निवडत राहायची. मला ते तिचं न उठणं सहन होईना. त्यापेक्षा लाइन तुटलेली बरी होती, माझे रविवार गेले असते तरी चाललं असतं.

एका संध्याकाळी मी नेट लावलं आणि दादाला मेल केला. "नेट बंद पडलंय. काहीच चालत नाही. रविवारी फोन कर." पाठवला आणि उठले.

रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"ए शहाणे," दादा हसत म्हणाला, "नेट बंद पडल्याचं तू मेल करून कळवलंस?"

"हो."

"अगं, पण—"

"दादा," मी म्हटलं, "बंद पडलंय. तू मला पहिल्यापासून सांग. मला काहीच येत नाही असं धर."

आई दारातून माझ्याकडे बघत होती. मी तिला मानेने गॅलरीच्या त्या टोकाकडे खूण केली. तिला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि मी तिला एवढ्या लगबगीने जाताना कधीच पाहिलं नव्हतं.

"आई कुठे आहे?" दादाने विचारलं.

"काकूकडे गेली."

लाइनवर बारीकसं टक् झालं आणि आवाज थोडा खोल गेला, पॅरलल उचलला की जातो तसा. त्यालाही ते ऐकू गेलं असणार. त्याने घसा साफ केला.

"बरं," तो म्हणाला. "आधी मॉडेमचा दिवा बघ. लागलाय?"

"लागलाय."

"आता काळी खिडकी उघड. घाई करू नको. रूट हो. झालीस? आता पोर्ट बघ, शेवटी शून्य पाहिजे..." तो सांगत राहिला. इतकं सावकाश त्याने मला कधी शिकवलं नव्हतं. पोर्ट झाला, वेग झाला, टोन आणि पल्समधला फरक झाला, लॉग कसा वाचायचा ते झालं. मी एकही कळ दाबली नाही. नुसती हं हं करत होते. मध्येच त्याचा आवाज जड झाला, तर तो थांबला आणि मॉडेमच्या मागच्या वायरीबद्दल बोलायला लागला, ती नीट बसली आहे ना, ढिली नाही ना, दोन्ही बाजूंनी बघ. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी तो आणखी काहीतरी शोधून सांगत होता. शेवटी ते सगळंच संपलं.

"कळलं का?" त्याने विचारलं.

आणि मग लाइनवर, गॅलरीच्या त्या टोकाकडून, आई पहिल्यांदा न अडखळता बोलली.

"कळला रे बाबा. पण परत एकदा सांग. पयल्यापासून."